धरण मायनसमध्ये गेल्यावर

पहाटे पाच

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पळसदेवच्या काठावर दिवस लवकर सुरू करावा लागतो. साडेआठनंतर गाळावर उभं राहवत नाही आणि मला हवा असलेला तिरपा उजेड सूर्य वर आल्यावर तासाभरात संपतो. म्हणून अंधारातच निघते. पिशवीत कॅमेरा, तिपाई, मोजपट्टी, पाण्याच्या दोन बाटल्या आणि पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवलेली एका जुन्या लग्नाच्या फोटोची प्रत.

मी इंदापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. शाळेला सुट्टी लागते त्याच दिवसांत उजनीचं पाणी उतरतं, त्यामुळे सुट्टी ही माझी खरी कामाची वेळ. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. जलाशयाला यशवंतसागर म्हणतात, पण इकडे सगळे नुसतं 'उजनी' म्हणतात. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला ६३.६६ टीएमसी मृतसाठा आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त. पाणी मृतसाठ्याच्या पातळीखाली गेलं की टक्केवारी शून्याखाली मोजतात आणि गावोगाव एकच बोलणं सुरू होतं, 'धरण मायनसमध्ये गेलं.' २०२४ च्या जूनमध्ये ते उणे साठ टक्क्यांच्या आसपास पोचलं होतं. सोलापूरकरांना ही बातमी नळाच्या पाण्याची. आमच्याकडे तिचा आणखी एक अर्थ असतो: पळसनाथाचं जुनं देऊळ उघडं पडलं, आणि त्याच्याभोवतीचं धरणात बुडालेलं जुनं गावठाण थोडंफार पायाखाली घेता येईल.

सव्वासहा

गाळ वाळून भेगाळला आहे. शिंपल्यांचा चुरा पायाखाली करकरतो. मध्येच मच्छीमारांच्या जाळ्यांचे तुकडे आणि वाळलेली जलपर्णी. देवळाचं शिखर विटांचं, खालचं बांधकाम दगडाचं. वर्षातले कितीतरी महिने पाण्यात राहूनही खांबांवरची नक्षी ओळखू येते. देव कधीच नव्या गावातल्या देवळात गेला. इथे आता गाभारा मोकळा आहे.

आवारात वीरगळ आहेत, सतीशिळा आहेत. वीरगळीवरचे टप्पे खालून वर वाचायचे असतात: तळाला लढाई, त्यावर वीराला नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. भर उन्हात हे सगळं सपाट दिसतं. सकाळी सूर्य बाजूला असताना मात्र घोड्याचा लगामसुद्धा उठून दिसतो. प्रत्येक दगडाचा फोटो दोनदा घेते. एकदा मोजपट्टी ठेवून, एकदा तशीच. दगड धूत नाही, घासत नाही, खडूने रेषा गिरवत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पाणी उतरलं की इथे गर्दी होते, आणि हौसेने गिरवलेल्या एका रेषेमुळे पुढच्या अभ्यासकाला मूळ खोदकाम कुठलं ते कळेनासं होतं. काहीजण शिळा उचलून नेतात. घरापुढे पायरी म्हणून बसवलेली वीरगळ मी पाहिली आहे. नेणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण दगड जागेवरून हलला की त्याची निम्मी माहिती गेली.

आजचं खरं काम वेगळं आहे. सोबतच्या लग्नाच्या फोटोत नवरानवरी खुर्च्यांवर बसलेली आहेत. मागे एका घराचा ओटा, वऱ्हाडी मंडळी, आणि उजवीकडे अगदी वरच्या कोपऱ्यात शिखराचा थोडासा भाग. तेवढ्यावरून घर कुठे होतं ते शोधायचं. फोटोची प्रत हातात धरून मागे मागे जायचं, शिखराची कड आणि त्याखालची रेघ फोटोतल्याशी जुळेपर्यंत. मग डावीउजवीकडे सरकायचं. आज जागा बरीचशी जुळली. तिथे गाळातून एका ओळीत चार घडीव दगड वर आले आहेत. जोतं असावं. फोनवर अक्षांश-रेखांश नोंदवले, चारी दिशांनी फोटो घेतले आणि वहीत लिहिलं: 'बहुधा हेच घर. घरच्यांकडून खात्री करायची.'

या कामात एक गोष्ट सतत जाणवत राहते. जुन्या गावाचा फोटो कुणी काढलेलाच नाही. साठ-सत्तरच्या दशकात फोटो म्हणजे खर्च, आणि तो माणसावर करायचा. लग्नात, बाळाच्या वाढदिवसाला, फार तर नवा बैल घेतल्यावर. घरासमोरच्या रस्त्याचा, आडाचा, वेशीचा फोटो कोण काढणार? ती तर रोजचीच. गाव उठणार हे कळल्यावरही लोकांच्या डोक्यात कौलं, वासे, दारं-चौकटी काढून नेण्याची घाई होती. त्यामुळे गाव शोधायचं ते माणसांच्या फोटोंच्या कडेला. खांद्यामागे दिसणारं दार, फेट्याच्या वर दिसणारी फांदी, कोपऱ्यातलं शिखर. मी फोटो हातात घेते तेव्हा आधी चारी कडा पाहते आणि मग चेहरे.

साडेआठ

काठावर शेतकऱ्यांची पळापळ चालू आहे. पाणी मागे सरकेल तसे पाइप वाढवायचे, मोटारी खाली न्यायच्या, केबल ओढायची. उसाला एक पाळी चुकली तरी परवडत नाही. एकाने हाक मारली, "बाई, काल तिकडं दगडी पायऱ्या दिसल्या. मोटर सरकवताना." जागा विचारून घेतली. या लोकांइतकं बारीक कुणी काठ पाहत नाही; गेल्या वर्षीचं निम्मं काम त्यांच्याच सांगण्यावरून झालं.

पलीकडच्या करमाळा तालुक्यातल्या कुगावलाही पाणी उतरलं की जुना वाडा वर येतो. तिकडे होडीने जायचं तर मी आता जीवरक्षक जाकीट असेल तरच बसते, आणि मुलांना नेत नाही. २१ मे २०२४ ला कुगाव ते कळाशी या वाटेवर वादळी वाऱ्यात होडी उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. धरणाआधी जिथे नदी ओलांडून पलीकडे जाता यायचं, तिथे आता हे केवढं पाणी आहे.

साडेनऊ

महामार्गाला लागून असलेल्या नव्या गावठाणातलं घर. फोटोतली नवरी आता पंचाहत्तरीपुढची आजी आहे. दारातच तिने विचारलं, "बाई, ह्यो सर्व्हे सरकारचा न्हाई न्हवं?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरी येतो आणि त्यात चूक काहीच नाही. या घरांत याआधी मोजायला जे आले ते काहीतरी घेऊनच गेले. म्हणून माझे नियम पहिल्यांदा सांगते. मूळ फोटो घराबाहेर नेणार नाही, इथेच तुमच्यासमोर स्कॅन करणार. सातबारा, निवाडा, मोबदल्याचे कागद दाखवलेत तर वाचेन, पण परवानगीशिवाय त्याचा फोटो काढणार नाही. सांगितलेलं काही नंतर काढून टाकावंसं वाटलं तर सांगा, काढून टाकेन.

सुनेने चहा ठेवला. नातवाने भिंतीवरची त्याच फोटोची तसबीर उतरवली.

तसबीर उघडणं हे नाजूक काम. पलंगावर धुतलेली पांढरी चादर पसरली, तसबीर पालथी ठेवली. मागच्या फळीला चार चुका, गंजलेल्या. त्या पकडीने ओढायच्या नाहीत. बारीक स्क्रू-ड्रायव्हरने हळूहळू उभ्या करून बोटांनी काढायच्या. फळीखाली वर्तमानपत्राचा कागद निघाला, पिवळा पडून चुरत चाललेला. तारखेचा कोपरा शाबूत: मार्च १९६८. नातू म्हणाला, "म्हणजे लग्न अडुसष्टचं!" तसं म्हणता येत नाही. कागद सांगतो ते इतकंच की ही फळी त्यानंतर कधीतरी बसवली. फोटो आधीचा असू शकतो, तसबीर दुसऱ्यांदा बांधलेलीही असू शकते. आजीला साल आठवत नव्हतं. "थोरला पोटात हुता तवा कोयनंचा भूकंप झाला," एवढं तिला पक्कं माहीत. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. म्हणजे लग्न त्याआधीचं. अशा आठवणींवरून तारीख पकडायची असते.

फोटोचा वरचा डावा कोपरा काचेला चिकटला होता. ओल लागली की फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ होतो आणि काचेला धरतो. अशा वेळी ओढलं तर चेहऱ्याचं साल निघून येतं. लोक ओढतात; कितीतरी घरांत कपाळावर पांढरा डाग पडलेले सासू-सासरे मी पाहिलेत. म्हणून काचेसकटच स्कॅनरवर ठेवला, आणि चकाकी येते म्हणून शिवाय कॅमेऱ्याने, वर काळं कापड धरून, वेगळा फोटो घेतला. बाकीचे सुटे फोटो सहाशे डीपीआयवर. अगदी लहान, आगपेटीएवढे असतील तर बाराशेवर. पाठीवर काही लिहिलेलं किंवा स्टुडिओचा शिक्का असेल तर पाठही स्कॅन करते. त्या शिक्क्यावरून फोटोवाला भिगवणचा की दौंडचा ते कळतं आणि त्याच्या घरी काचेच्या प्लेटा किंवा निगेटिव्ह उरल्यात का, हे विचारायला जाता येतं. आजच्या फोटोवर शिक्का नव्हता.

कपाटातला अल्बम चिकटपट्टीचा निघाला, वर प्लॅस्टिकचं पान असणारा. असे अल्बम फोटो खातात. सुनेला म्हटलं, यातले सुटतील तेवढे काढून साध्या पांढऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवा, नावं पाठीमागे मऊ पेन्सिलीने लिहा, बॉलपेनने नको. कपाट बाहेरच्या भिंतीला लावू नका, ओल येते. आणि कसर लागू नये म्हणून महिन्यातून एकदा उघडून पाहा. ती मन लावून ऐकत होती. घरातले फोटो शेवटी तीच जपणार आहे.

साडेअकरा

आता बोलणं. रेकॉर्डर सुरू, पंखा बंद, मिक्सर बंद. उकाडा होतो, पण पंख्याच्या आवाजात नंतर निम्मे शब्द हरवतात.

'गाव कसं होतं?' हा प्रश्न मी आता विचारत नाही. त्याला उत्तर येतं, "लई चांगलं हुतं," आणि विषय संपतो. त्याऐवजी म्हणते, "आजी, मी पाव्हणी आहे. एस्टीतनं उतरले. मला तुमच्या घरी न्या." मग पाय चालायला लागतात. वेशीतून आत. डाव्या हाताला मारुती. पुढे लोहाराचा भाता, तिथून पाखरं उडायची. पिंपळाचा पार. "पाराम्होरनं बायांनी जाताना पदर घ्यायचा, म्हून आमी मागल्या बोळानं जायचो." हा बोळ कुठल्याच नकाशावर नाही. गावनकाशात रस्ता असतो, बायकांचा बोळ नसतो. मी सुनेकडून वाटीभर हरभरे मागून घेतले आणि आजीने फरशीवरच गाव मांडलं. ओळीने घरं, बोळ, आड. तिचे धाकटे दीर आत आले, त्यांनी आडाचे हरभरे उचलून पलीकडे ठेवले. "वैनी, आड डाव्या अंगाला हुता." "भाऊजी, पानी म्या भरलं का तुमी?" दोन्ही मांडण्यांचे फोटो काढले. दोन्ही ठेवायचे, खालती कुणाची मांडणी ते लिहून. निकाल मी लावायचा नाही. काठावर मोटर सरकवणाऱ्याला दिसलेल्या पायऱ्या आडाकडे जाणाऱ्या असतील तर उद्या तो आपोआप लागेल.

सकाळचे जोत्याचे फोटो दाखवले. दीर म्हणाले, शक्य आहे. आजीने फोन हातात घेतला आणि दगड मोठे करून पाहिले. मग म्हणाली, "तिसऱ्या दगडाला खोबण आसंल. दाराची चौकट बशिवली हुती तितं." खोबण मी पाहिली नव्हती, दगड गाळाने भरलेला होता. उद्या पाहायचं.

मग मी लग्नाच्या फोटोची उजवी कड दाखवली. तिथे तीन वाजंत्री उभे आहेत. दोघे पूर्ण दिसतात. तिसरा निम्मा कापला गेलाय. एक खांदा, एक कान आणि हलगी. "हे कोण?" आजी बराच वेळ पाहत राहिली. दोघांची नावं दिरांनी सांगितली. तिसऱ्याचं नाव नाही, पण "त्यो डावरा हुता. डाव्या हातानं वाजवायचा. त्येंची वस्ती आता कॅनॉलकडंला."

दीड

जेवण तिथेच. पिठलं-भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, ताक. नाही म्हणायची सोय नव्हती.

अडीच

घरी आले तेव्हा लाईट गेलेली. दुपारी हेडफोन लावून सकाळचं बोलणं उतरवायचं. एका तासाच्या बोलण्याला मला चार-पाच तास लागतात, कारण मी शब्द बदलत नाही. आजीने 'हुता' म्हटलं तर 'हुता'च. तिच्या तोंडी पुस्तकी मराठी घातली तर ते माझं लिखाण होईल.

उतरवता उतरवता राजवाडे आठवले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांमधली दफ्तरं धुंडाळली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड त्या वणवणीतून उभे राहिले आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं. इतिहास शिकवणाऱ्या प्रत्येकावर त्यांचं ऋण आहे. पण कागद ज्यांच्याकडे होते त्यांच्याच घरी कागद सापडले. सनदा, वतनपत्रं, हिशेब, पत्रव्यवहार. जिथे वतन नव्हतं, लिहिणं नव्हतं, तिथे दफ्तरही नव्हतं. फोटोंचंही तसंच आहे. उजनीच्या काठावर मी आजवर ज्या घरांतून फोटो गोळा केले ती बहुतेक जमीनवाल्यांची. भूसंपादनाच्या निवाड्यातही हेच: कुणाची विहीर, कुणाचे आंबे, कुणाचं घर किती चौरस फूट, सगळं मोजलेलं. ज्याच्या नावावर मोजण्यासारखं काही नव्हतं, त्याचं नाव त्या कागदात कुठून येणार? तो गावात होता एवढंसुद्धा तो कागद सांगत नाही. १९२१ च्या मुळशी सत्याग्रहापासून महाराष्ट्रात धरणग्रस्तांच्या लढ्यांवर पुष्कळ लिहिलं गेलं, १९७६ साली पुनर्वसनाचा कायदाही आला. तरी उठलेल्या गावात हलगी कोण वाजवायचं, हे शोधायला फोटोची कड हाच एक आधार उरतो. म्हणून माझ्या मते संग्रहाचं मोल किती फोटो जमले यावर ठरू नये. कुठल्या घरी फोटो मिळाला नाही, ते घरही नोंदलेलं असलं पाहिजे. मी तशी वेगळी वही ठेवते.

चार वाजता लाईट आली. दोन प्रती छापल्या. एक अख्खा फोटो, एक उजवी कड मोठी करून नुसते वाजंत्री.

साडेपाच

कॅनॉलकडेची मातंग वस्ती. पत्र्याची घरं, दोन-तीन स्लॅबची. डावऱ्या हलगीवाल्यांचं घर विचारताच पोरांनी नेऊन सोडलं. त्यांचे थोरले चिरंजीव आता सत्तरीच्या उंबरठ्यावर आहेत. बांधकामावर आयुष्य गेलं, मुलगा चाकणला कंपनीत. सगळे त्यांना आण्णा म्हणतात. वडिलांचा एकही फोटो घरात नाही. "त्या टायमाला फोटू कुठला काढताय, बाई? आमाला वाजवायला बोलवायचे, फोटू त्येंचा."

अख्खी प्रत हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, प्रत दाराच्या उजेडात नेली. चेहरा अर्धाही नाही, त्यामुळे मी आधीच सांगून ठेवलं होतं की खात्री नसेल तर तसं म्हणा. त्यांनी चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. हलगीच्या कड्याकडे बोट नेलं. "हलगी उजव्या हातात धरलीया. वाजवायची काडी डाव्या हातात, फोटूच्या भाईर. गावात आसं वाजवणारा आमचा बा एकलाच." मग बायकोला हाक मारली, शेजारच्या घरातल्या चुलत भावाला बोलावलं. चुलत भावाचं म्हणणं पडलं की हे वडील नसून चुलते असतील, कान चुलत्यांसारखा वाटतो. आण्णा म्हणाले, चुलते उजव्या हाताने वाजवायचे. वाद चांगला अर्धा तास चालला, आणि त्या अर्ध्या तासात मला तिन्ही वाजंत्र्यांची घराणी, कुठल्या गावांना वाजवायला जायचे, सुपारी किती, लग्नाला आणि मयताला वाजवण्यातला फरक, असं सगळं मिळालं. रेकॉर्डर चालूच होता. शेवटी आण्णांनी घरातली हलगी खाली काढली आणि उजव्या हातात धरून उभे राहिले. "असा काढा फोटू. मंजी मिळतंय का बगता येईल." खरंच, ओळख पटवण्याचा याहून चांगला पुरावा मला सुचला नसता. त्याच कोनातून, तेवढ्याच अंतरावरून त्यांचा फोटो घेतला.

जुनं गावठाण त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते वेशीपासून सुरू झालं नाही. नदीपासून सुरू झालं. त्यांची वस्ती नदीच्या अंगाला, पूर आला की आधी तिथे पाणी. पिंपळाचा पार त्यांच्या नकाशात लांबूनच जातो; आड तर नाहीच. पाणी नदीचं, वाळूत झरा उकरून. सकाळी आजीने मांडलेलं गाव आणि हे गाव एकावर एक ठेवलं की मधली वाट तेवढी एक, देवळाकडे जाणारी, आणि तीही त्यांच्यासाठी पायरीपर्यंतच.

निघताना त्यांनी छोटी प्रत ठेवून घेतली. म्हणाले, हे दोघं बाजूला काढून नुसता बा ठेवता येईल का? म्हटलं, तशी प्रत देईन, हवी तेवढी मोठी करून. संग्रहातली फाईल मात्र अख्खी राहील. नवरानवरी, ओटा, शिखर आणि हे तिघे एकाच चौकटीत होते, म्हणूनच तर आपण त्यांच्यापर्यंत पोचलो.

रात्री नऊ

फायलींना नावं. गाव, घराचा क्रमांक, फोटोचा क्रमांक, पुढची बाजू की मागची. सोबतच्या तक्त्यात: कुणाचा फोटो, कुणी दाखवला, कुणी काय ओळखलं, किती खात्रीने. लग्नाच्या फोटोपुढे तारखेच्या रकान्यात 'डिसेंबर १९६७ पूर्वी' असं लिहिलं. आधार म्हणून आजीची भूकंपाची आठवण लिहिली, आणि सोबत मार्च १९६८ चा कागदही नोंदवला. उजव्या कडेच्या वाजंत्र्यापुढे मुलाने सांगितलेलं नाव आणि त्याचं कारण. त्याखाली पुतण्याचं म्हणणं. जोत्यापुढे: 'खोबण तपासायची.' आडापुढे: 'दोन जागा, पायऱ्यांपाशी जाऊन पाहणे.'

सगळ्याच्या तीन प्रती. दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, तिसरी दर महिन्याला पुण्यात भावाच्या घरी जाते. एकाच घरात सगळं ठेवणं बरं नाही.

हवामान खात्याचा अंदाज पाहिला. इंदापूरला पाऊस पडला नाही तरी घाटमाथ्यावर पडला, पुण्याकडची धरणं भरली की मुळा-मुठेतून पाणी सुटतं आणि मग काठावरचे सगळे दौंडहून उजनीत येणारा विसर्ग विचारत राहतात. गावठाण चालून पाहायला अजून दोन-तीन आठवडे मिळतील, नाहीतर पुढचा उन्हाळा.

साडेनऊला आजीच्या नातवाचा फोन आला. उद्या आजीला गाळापर्यंत आणतो म्हणाला, जीपने. खोबण तिला स्वतः पाहायची आहे. मी विचारलं, आण्णांनाही घेऊन येऊ का? तो आत जाऊन विचारून आला. "आजी म्हणते, आणा. त्यांच्या वडलांनी माझ्या लग्नात सकाळपासनं वाजवलं हुतं." आण्णांना लगेच फोन लावला. पावणेसहाला कॅनॉलच्या पुलापाशी उभे राहतो म्हणाले.